आमची रूपसिद्धि

सेवानिवृत्त मास्तरानें सकाळीं देवपूजा करावी, दुपारीं वर्तमानपत्र वाचावें, सायंकाळीं शहानूर नदीच्या बाजूस फिरून यावें आणि रात्रीं नातवंडांकडून रामरक्षा म्हणवून घ्यावी, अशी आमच्या घरांतील मंडळींनीं आमची दिनचर्या आंखून दिली आहे. ती वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गेल्या, म्हणजे सन २०२५ च्या, दिवाळींत सलग नऊ दिवस आम्हीं ती मोडली. या नऊ दिवसांत पूजा आटोपती झाली, फिरणें बंद पडलें, आणि रामरक्षेऐवजीं नातवंडांच्या कानांवर ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ असे विलक्षण मंत्र पडले. कारण इतकेंच कीं, निरोपांची देवघेव करणारा एक संगणकाचा प्रोग्रॅम आम्ही घरीं, आपल्या हातानें, त्याच्या मूळ संहितेपासून घडवीत होतों.

“बाजारांत तयार मिळतें तें घरीं कशाला करायचें?” असें आमच्या सौभाग्यवतींनीं दोनदां विचारलें. त्याच सौभाग्यवती दिवाळीचा चिवडा बाजारांतून आणूं देत नाहींत, ही गोष्ट आम्हीं त्या वेळीं बोलून दाखविली नाहीं.

या हट्टाचें मूळ थोडें मागें आहे. आमचे धाकटे बंधु सन २००६ पासून मस्कत येथें एका व्यापारी पेढींत हिशेबनीस होते. त्यांची पत्नी व मुलगा इकडे अंजनगांवास आमच्याजवळ, एकाच चुलीवर. टेलिफोनवर बोलावें तर मिनिटांकडे डोळा ठेवून बोलावें लागे. पत्रास फार दिवस लागत. तेव्हां कोणीतरी एका मोठ्या विदेशी कंपनीची निरोपांची सेवा सुचविली. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडावा, इकडे अक्षरें दाबावीत, तीं तिकडे तत्क्षणीं उमटावीत. रात्रीं आमच्याकडे नऊ वाजले कीं मस्कतला साडेसात वाजत. बंधु पेढींतून परत येऊन बसत आणि आम्ही जेवणापूर्वीं बसत असूं. पावसापाण्याच्या गोष्टी, आईचें दुखणें, पुतण्याचे गुण, शेजारच्या पानपिंपळीच्या मळ्याची हकीकत, कधीं एखादा अडलेला श्लोक, असें सारें त्यांत येई. सहा वर्षें हा क्रम चालला. पुढें हातोहातीं फोन आले आणि संगणकापुढें बसण्याचें कारण उरलें नाहीं.

त्या कंपनीनें कांहीं वर्षांनीं ती सेवाच बंद केली. तिचें नांव आम्ही सांगत नाहीं. जें गेलें त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. जुने संवाद ठरलेल्या मुदतींत उतरवून घ्यावेत अशी इंग्रजी सूचना आली होती म्हणे. पण ती ज्या टपालपेटींत आली ती उघडून पाहण्याची कोणाला आठवण राहिली होती? बंधु २०१९ सालीं गेले. पुढच्या वर्षीं वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या पत्नींनीं (आमचीं मुलें त्यांना काकू म्हणतात, म्हणून आम्हीहि काकूच म्हणतों) आम्हांस विचारलें, “भावजी, तुम्ही दोघे रोज लिहीत होतां तें कोठें असेल? एकदां वाचावेंसें वाटतें.” आम्हीं पुतण्याला विचारलें. त्यानें शोध केला आणि कळविलें कीं कांहीं उरलें नाहीं. काकूंनीं तो विषय पुन्हा काढला नाहीं.

आमच्या गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत एकाच कारणानें येतें. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि ३० डिसेंबरास येथें दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यांत तह होऊन गंगायमुनांमधील दुआब, अहमदनगरचा किल्ला, भडोच असें पुष्कळ कांहीं एका कागदानें हातचें गेलें. हा सुर्जी-अंजनगांवचा तह आम्हीं पस्तीसांहून अधिक वर्षें मुलांना शिकविला आणि कलमें वाचल्याशिवाय सही करूं नये असेंहि दरसाल बजावलें. स्वतः मात्र त्या कंपनीचें दहा हात लांब करारपत्र न वाचतां ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवलें होतें. शिंद्यांपुढें निदान जिंकलेली फौज उभी होती. आम्हांस कोणी धाक घातला नव्हता!

असो. पुतण्या आतां पुण्यास संगणकाच्याच व्यवसायांत आहे. दिवाळीस आला तेव्हां म्हणाला, “मोठेकाका, घरच्या मंडळींचे निरोप घरच्याच यंत्रावर राहावेत अशी सोय मीं केली आहे. तुम्हांलाहि एक खातें देतों.” त्यानें जें सांगितलें त्यांतलें निम्में आम्हांस प्रथम समजलें नाहीं; परंतु त्यांतील नांवें ऐकून आम्ही एकदम सरसावून बसलों. निरोपांच्या या पद्धतीचें मूळचें नांव ‘जॅबर’, म्हणजे बडबड. ती जेरेमी मिलर या अमेरिकन गृहस्थांनीं १९९९ सालीं जाहीर केली व २००४ सालीं तिचे नियम रीतसर प्रसिद्ध झाले. निरोप ज्या यंत्रावरून फिरतात त्या यंत्रावर पुतण्यानें जो प्रोग्रॅम बसविला होता त्याचें नांव ‘प्रॉसडी’, म्हणजे छंदःशास्त्र. या पद्धतींत निरोपाच्या एकेका तुकड्याला ‘स्टॅन्झा’ म्हणतात, म्हणजे कडवें! कडव्यांचे प्रकार तीन : एक निरोपाचें, एक प्रश्नोत्तराचें आणि एक ‘मी हजर आहें’ किंवा ‘मी उठून गेलों आहें’ असें कळविणारें. मास्तराला हजेरीचें कडवें आवडावें हें सांगणें नलगे. आणि आपल्या टेबलावर जो प्रोग्रॅम चालावयाचा त्याचें नांव ‘पिजिन’. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या व्यापाऱ्यांनीं सौदा जमावा म्हणून जी मोडकीतोडकी मिश्रभाषा बनविली तिला इंग्रजींत पिजिन म्हणतात. आणि उच्चार कबुतराच्या इंग्रजी नांवासारखा म्हणून त्याचें चिन्ह जांभळें कबूतर. ज्या मंडळींना आपल्या यंत्रांस बडबड, छंदःशास्त्र, कडवें व मिश्रभाषा अशीं नांवें द्यावींशीं वाटतात त्यांच्याशीं आपलें जमेल, असें आम्हांस वाटूं लागलें.

या पद्धतीची खुबी टपालासारखी आहे. अंजनगांवच्या टपालकचेरींत टाकलेलें पत्र दर्यापूरच्या कचेरींतून वाटलें जातें. दोन्ही कचेऱ्या एकाच धन्याच्या असाव्या लागतात असें येथें मात्र नाहीं. ज्याला वाटेल त्यानें आपली कचेरी उघडावी, नियम पाळावेत, आणि दुसऱ्या कचेऱ्यांशीं थैल्यांची देवघेव करावी. पिजिन हा प्रोग्रॅम १९९८ सालीं मार्क स्पेन्सर यांनीं निराळ्या नांवानें सुरू केला. त्या नांवांत एका बड्या कंपनीच्या सेवेच्या नांवाचा अंश होता. त्यावरून हक्काचा वाद झाला आणि २००७ सालीं आतांचें नांव घ्यावें लागलें. त्या कंपनीची ती सेवा २०१७ सालीं बंदहि झाली. कबूतर अजून आहे.

“मूळ संहिताहि मिळते का?” आम्हीं विचारलें.

“मिळते म्हणजे? ती देणें बंधनकारकच आहे,” पुतण्या म्हणाला, आणि त्यानें संहितेच्या गठ्ठ्यांतील एक कागद दाखविला. त्या कागदाचें नांव ‘कॉपिंग’. परीक्षागृहांत हा शब्द उच्चारतांना आमच्या भुंवया आयुष्यभर चढत आल्या; आणि येथें तर याच नांवाखालीं लेखी परवानगी! रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा उपक्रम जाहीर केला व १९८९ सालीं हें परवानगीपत्र प्रथम काढलें. येथें होतें तें १९९१ चें दुसरें. त्याचा आशय असा : हा प्रोग्रॅम वाटेल त्यानें चालवावा, त्याची रचना अभ्यासावी, तीत फेरफार करावा, त्याच्या प्रती दुसऱ्यास द्याव्यात, मात्र ज्याला प्रत द्याल त्याला हेच अधिकार द्या आणि मूळ संहिताहि द्या. हें करारपत्र आम्हीं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलें. इंग्रजी कठीण आहे, पण तहापेक्षां बरें.

पुतण्याचें म्हणणें असें कीं एक आज्ञा लिहिली कीं तयार प्रोग्रॅम पांच मिनिटांत येऊन बसतो. परंतु संहितेच्या गठ्ठ्यांत निरनिराळ्या भाषांच्या भाषांतराच्या फाइली होत्या, त्यांत मराठीचीहि होती. वरच्या ओळींत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळींत त्याचें मराठी. कोण्या सज्जनांनीं हजारों ओळी फुकट बसून केलेलें तें काम पाहून आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला; आणि मास्तरच तो, त्यामुळें दुसऱ्याच पानावर हात लाल शाईकडे गेला. कांहीं शब्द पटले, कांहीं पटले नाहींत. “हे बदलतां येतील का?” “येतील, पण मग तुम्हांला तो पुन्हा घडवावा लागेल.” खरें पाहतां भाषांतरापुरती निराळी लहान वाट होती, हें आम्हांस मागाहून कळलें. परंतु तोंवर आम्हीं सांगून टाकलें होतें : “मग संहितेपासूनच घडवूं. आणि तूं फक्त बाजूला बसायचें.”

ज्यांनीं लहानपणीं रूपावलीनंतर थोडी कौमुदी पाहिली आहे त्यांना हा व्यवहार समजावून सांगणें अवघड नाहीं. ‘भवति’ हें तयार रूप आपण तोंडीं वापरतों. तें कसें झालें? मूळ धातु ‘भू’. त्याला ‘तिप्’ प्रत्यय लागला, मध्यें ‘शप्’ आला, ‘भू’ला गुण होऊन ‘भो’ झाला, ‘ओ’च्या जागीं ‘अव्’ आदेश झाला आणि ‘भवति’ सिद्ध झालें. ‘शप्’मधील श् व प् हे इत् वर्ण, ते तयार रूपांत कोठें दिसत नाहींत, परंतु त्यांच्यामुळें कार्य होतें. प्रोग्रॅमचेंहि असेंच. माणसानें लिहिलेली संहिता ‘सी’ नामक भाषेंत असते. ती माणसाला वाचतां येते, यंत्राला नाहीं. ‘कंपायलर’ नांवाचा वैयाकरण एकेक प्रकरण घेऊन त्याचें यंत्राला कळणारें रूप सिद्ध करतो. संहितेंत कांहीं ओळी ‘हॅश’ चिन्हानें आरंभ होतात. ‘हें साहित्य उपलब्ध असेल तरच पुढील भाग घे, नाहीं तर वगळ’ अशा त्या आज्ञा. सिद्ध रूपांत त्या शोधूनहि सांपडत नाहींत. त्या पाहिल्याबरोबर आम्ही “हे तर इत् वर्ण!” असें मोठ्यानें म्हणालों, तेव्हां पुतण्यानें आमच्याकडे काळजीनें पाहिलें.

पहिली पायरी ‘कॉन्फिगर’. ही म्हणजे पूजेपूर्वींची तयारी : हळद आहे का, कुंकू आहे का, समई आहे का, तेल आहे का. पडद्यावरून शेंकडों ओळी धांवतात, प्रत्येक ओळीशेवटीं ‘आहे’ किंवा ‘नाहीं’. एखादी आवश्यक वस्तु नसली कीं भटजी तेथेंच थांबतात. आमचे भटजी पहिल्या दिवशीं चार वेळां थांबले. प्रथम ‘पर्ल’ नांवाच्या दुसऱ्या एका भाषेंतील ‘एक्सएमएल पार्सर’ हवा म्हणाले; तो आणला. मग खिडक्या व बटणें काढणारें ‘जीटीके’ नाहीं म्हणाले. आम्हीं पाहिलें तों तें संगणकावर होतें! एक तास आम्हीं यंत्राला खोटें ठरविण्यांत घालविला. शेवटीं पुतण्यानें, बाजूला बसण्याची अट मोडून, सांगितलें कीं ग्रंथालय एक आणि ग्रंथालयाची सूची निराळी. नुसता वाचक असेल त्याला ग्रंथ पुरतात. ज्याला त्यांच्या आधारें नवा ग्रंथ रचावयाचा आहे त्याला सूचीहि लागते, आणि ती वेगळ्या पुडक्यांत मिळते. हें एकदां कळल्यावर पुढील तीन अडचणी आमच्या आम्हीं सोडविल्या. चित्रध्वनीचा भाग, शुद्धलेखन तपासणीचा भाग व आणखी दोन-तीन जोडकामें ‘नकोत’ असें स्पष्ट लिहून टाळलीं. शुद्धलेखन तपासणी इंग्रजीची होती. मराठीसाठीं आम्ही आहोंत.

दुसऱ्या दिवशीं एक अडचण अशी आली कीं तिला बगल देण्याची युक्ति यंत्रानेंच सांगितली. निरोप वाटेंत कोणी वाचूं नयेत म्हणून जें कुलूप लागतें तें घडविणारें साहित्य सांपडत नव्हतें. यंत्राचा निरोप असा कीं, कुलुपाशिवाय चालणार असेल तर अमुक दोन शब्द लिहा म्हणजे मी पुढें जातों. संध्याकाळचे सात वाजले होते, पाठ दुखत होती, आणि ते दोन शब्द लिहिण्याचा मोह आम्हांस झाला. मग काकूंचें त्या घरच्या टपालावरचें पहिलें पत्र उघड्या पाकिटांतून जाणार, हें मनांत येऊन आम्हीं हात आवरला. साहित्य दुसऱ्या दिवशीं मिळालें.

मग ‘मेक’. सिद्धीचें खरें काम हा करतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत हा १९७६ सालीं तयार केला. त्याच सालीं आम्ही मॅट्रिक झालों, म्हणजे आमच्या विद्येइतकाच तो जुना आहे, पण अजून सेवेंत आहे. त्याची हुशारी अशी कीं तो कोणतेंहि काम दोनदां करीत नाहीं. मूळ प्रकरण केव्हां लिहिलें व त्याचें रूप केव्हां सिद्ध झालें या दोन वेळा ताडून पाहतो. रूप प्रकरणानंतरचें असेल तर हात लावीत नाहीं. पडद्यावर ओळी वाहूं लागल्या, तास अर्धा झाला असेल, आणि वीज गेली.

शेजारचे मळेवाले ओट्यावर आले. “काय करून राह्यले, गुरुजी?”

“कबूतर करतों आहों.”

“मग ते आता सांजेलोक बसते. लाईन नाही येत.” आणि ते पानपिंपळीच्या वेलांना पाणी कसें द्यावें या विवंचनेंत निघून गेले. त्यांची विवंचना आमच्यापेक्षां मोठी होती हें कबूल केलें पाहिजे.

वीज रात्रीं आली. मेक जेथें थांबला होता तेथून पुढें चालूं लागला, हें पाहून आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. पण अखेरच्या जुळणीच्या वेळीं गाडें अडलें. एक तुकडा अर्धवट आहे, ओळखतां येत नाहीं, अशी तक्रार. झालें होतें असें कीं वीज गेली त्या क्षणीं एक रूप लिहिलें जात होतें. तें अर्धेंच राहिलें. पण त्यावर वेळ मात्र ताजी पडली होती. मेकनें वेळ पाहिली, ‘सिद्ध आहे’ असें मानलें व पुढें गेला. हजेरीपटावर नांव आहे म्हणून मुलाला धडा आला असें धरणाऱ्या मास्तरांपैकीं तो! (अशा कांहीं मास्तरांस आम्ही ओळखतों, कांहीं वर्षीं आम्हीहि तेच होतों.) सर्व सिद्ध रूपें पुसून पुन्हा आरंभ करावा लागला.

चौथ्या दिवशीं ‘मेक इन्स्टॉल’ झालें. घरच्यांना बोलावून आम्हीं प्रोग्रॅम सुरू केला, तों तो म्हणाला, ‘लिबपर्पल’ सांपडत नाहीं. आम्हींच दहा मिनिटांपूर्वीं जागेवर ठेवलेली वस्तु! ती ठेवली होती खरी, पण नव्या वस्तूची नोंद यंत्राच्या वहींत झाली नव्हती. ‘एलडीकॉन्फिग’ ही एक आज्ञा दिल्यावर नोंद झाली आणि जांभळें कबूतर पडद्यावर आलें. खिडकींतील मराठी शब्दांत आमचे सातआठ होते. सौभाग्यवतींनीं “बरें झालें” एवढेंच म्हटलें व चकल्यांचें ताट पुढें ठेवलें.

आतांपर्यंत जें लिहिलें तें चारचौघांत सांगण्यासारखें. पुढचें लिहावें कीं न लिहावें याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

पुतण्या पुण्याच्या खात्यावरून व आम्ही येथून निरोप पाठवून पाहत होतों. “हें सारें सांठतें कोठें?” आम्हीं विचारलें. ज्याची एकदां फसगत झाली आहे त्यानें हा प्रश्न पहिल्यानें विचारावयाचा असतो. तो म्हणाला, “तुमच्याच संगणकावर. घरच्या कप्प्यांत ‘पर्पल’ नांवाचा एक कप्पा असतो. नांवाच्या आधीं टिंब असल्यामुळें तो सहसा दिसत नाहीं. त्यांत एकेका संवादाची एकेक फाइल.” असें म्हणतां म्हणतां तो थांबला. आमच्याकडे न पाहतां त्यानें विचारलें, “मोठेकाका, माडीवरचा जुना संगणक भंगारांत दिला का?”

सन २००९ च्या दिवाळींत, महाविद्यालयांत असतांना, त्यानें त्या संगणकावर त्या कंपनीचा प्रोग्रॅम काढून हेंच कबूतर बसविलें होतें. कबूतर निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवांशीं बोलूं शकत असे, म्हणून आम्हांस फरक जाणवला नव्हता. खिडकीचा रंग बदलला इतकेंच. आणि २०२० सालीं शोध करतांना त्यानें कंपनीचीं दारें ठोठावलीं, आपली माडी पाहिली नाहीं.

संगणक भंगारांत गेला नव्हता. गाद्यांच्या ढिगामागें, आईच्या जुन्या जात्याशेजारीं होता. तो सुरू झाला नाहीं. परंतु त्यांतील चकती काढून पुतण्यानें एका लहान जोडणीनें नव्या संगणकास लावली आणि टिंबाचा तो कप्पा उघडला. फाइलींच्या नांवांत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटीं आपल्या देशाची वेळ म्हणून साडेपांच तासांचा आंकडा. एकशें ब्याण्णव फाइली. २००६ ते २००९ चें कांहीं नाहीं. त्या दिवाळीपासून २०१२ च्या पावसाळ्यापर्यंतचें सारें आहे. आरंभीचे संवाद रोमन अक्षरांत लिहिलेलें मराठी, वाचतांना घास अडकावा तसें, पुढें देवनागरी.

रात्रीं सर्व निजल्यावर आम्ही एकटे बसलों. २०११ च्या हिवाळ्यांत आमच्या कन्येचें लग्न झालें, त्या दिवसांचें कांहीं पाहावें म्हणून ‘वऱ्हाड’ हा शब्द शोधावयास दिला. उत्तर आलें : एकहि नाहीं. वऱ्हाडांतल्या माणसाच्या लग्नघरच्या पत्रव्यवहारांत वऱ्हाड नाहीं! सकाळीं पुतण्यानें कारण सांगितलें. या शब्दांतील तें अर्धचंद्रासारखें ‘ऱ्’ संगणकाच्या पोटांत दोन रीतींनीं लिहितां येतें : टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढें एक न दिसणारें जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखींच. यंत्राला दोन वेगळे शब्द. आम्ही आज एका रीतीनें लिहितों, तेव्हां दुसऱ्या रीतीनें लिहीत होतों. दुसऱ्या रीतीनें शोधतांच अकरा फाइली निघाल्या.

त्यांतील एक आम्ही वाचीत बसलों तेव्हां पुतण्या बाहेर गेला होता, हें बरें झालें.

लग्नाचा खर्च आणि वाड्याचें छप्पर, दोन्ही एकदम आलीं म्हणून त्या वर्षीं आम्हीं नदीकडचें दोन एकर शेत विकलें. शेत वडिलार्जित, दोघांचें. बंधूंनीं त्याच रात्रीं आनंदानें होकार दिला, असें आम्ही चौदा वर्षें सांगत आलों आहों. काकूंसमोर, पुतण्यासमोर, व्याह्यांसमोर. फाइलींत रात्रीं नऊ वाजून बेचाळीस मिनिटांचा बंधूंचा निरोप आहे : “दादा, चैत्रापर्यंत थांबतां येईल का? मी पैसे पाठवितों. शेत राहावें असें वाटतें.” त्याखालीं कांहीं नाहीं. दुसऱ्या दिवसाच्या फाइलींत आमची ओळ : “आज इसार घेतला. वऱ्हाडाची सोय आतां नीट होईल.” आणि त्यांची : “बरें केलेंत.”

तो निरोप आमच्या नजरेस आला नसेल, आम्ही जेवावयास उठलों असूं, असें आम्हीं स्वतःस सांगून पाहिलें. परंतु आम्हीं तो वाचला होता. पानावर बोलावीत होते, उत्तर उद्यां देऊं म्हणून उठलों. आणि सकाळीं खरेदीदार दारांत उभा होता. मधल्या वर्षांत ‘थांबतां येईल का’ हें आमच्या स्मरणांतून गळालें आणि ‘बरें केलेंत’ तेवढें राहिलें.

आपले निरोप आपल्याच यंत्रावर असण्याचा एक गुण पुतण्यानें सांगितला नव्हता : ते नाहींसे करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. दोन अक्षरांची एक आज्ञा आहे, ‘आर’ आणि ‘एम’. ती सहसा पुन्हा विचारीतहि नाहीं. एकशें ब्याण्णवांत एक फाइल कमी आहे हें कोणी मोजलें असतें? आम्हीं फाइलीचें नांव त्या दोन अक्षरांपुढें लिहिलेंहि होतें. मग तें पुसलें. त्याचें कारण सद्‌बुद्धि होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तीच मराठी, तोच हात, तीच वेळ. त्या ओळींत बंधूंचा आवाज होता आणि अशा ओळी मोजक्याच उरल्या होत्या.

काकूंनीं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू केलें. रोज रात्रीं झांकपाक झाल्यावर त्या येऊन बसत. उंदीर (यंत्राचा) त्यांना हाताळतां येत नसे, म्हणून फाइली आम्हीच उघडून देत होतों. रोमन अक्षरांतलें पुतण्या मोठ्यानें वाचून दाखवी. कधीं त्या हंसत, कधीं “हें काय लिहिलें बाई!” म्हणत. तिसऱ्या रात्रीं ती फाइल आली. आमच्या हातून उघडण्यास थोडा वेळ लागला.

त्यांनीं ती वाचली. दुसऱ्या दिवसाची उघडण्यास सांगितलें, तीहि वाचली. मग म्हणाल्या, “मला त्यांनीं त्याच रात्रीं फोनवर सांगितलें होतें, भावजी. उत्तर आलें नाहीं म्हणजे दादांचें ठरलें आहे, आतां कांहीं बोलूं नकोस, म्हणाले.”

चौदा वर्षें त्या आमच्या पंक्तीला वाढीत होत्या, आणि आमची ती शेताची कथा ऐकत होत्या. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. पुतण्या तेथेंच होता, त्यामुळें त्याच्यादेखत मागावी लागली; तेंच योग्यहि होतें. काकूंनीं चष्मा पुसला. “मुलीचें लग्न होतें, दुसरें काय करणार होतां?” असें म्हणून मग जराशानें म्हणाल्या, “पण चैत्रांत त्यांनीं पैसे पाठविले असते.” आणि, “पुढचें लावा.”

एकशें ब्याण्णव संपण्यास नऊ दिवस पुरले नाहींत. पुतण्या पुण्यास गेल्यावरहि वाचन चालू राहिलें. त्या सर्व फाइलींच्या तीन प्रती केल्या आहेत : एक येथें, एक पुण्यास, एक आमच्या कन्येकडे नागपुरास. कन्येस ती फाइलहि गेली आहे. तिचा अजून कांहीं निरोप नाहीं. काकूंनीं आपलें स्वतःचें खातें मागितलें, तें उघडून दिलें. अक्षरें कोठें आहेत हें कळावें म्हणून कळफलकावर आम्हीं मराठी अक्षरांच्या चिठ्या डकविल्या आहेत. काल रात्रीं मुलानें पुण्याहून विचारलें, “आई, जेवलीस का?” त्या अक्षरें शोधीत बसल्या. आम्ही मदतीला पुढें झालों, तों म्हणाल्या, “राहूं द्या. उत्तर मलाच देऊं द्या.” सहा मिनिटें लागलीं.